दोन चुलींची राख

गाडी जुंपून झाली, बोचकी चढली आणि माय घरात गेली ती बाहेर येईचना. भाऊ कासरा धरून बसलेला, आमचे हे चाकाशी उभे राहून उगाच खिळा चाचपत होते, आणि मी बोचक्यांच्या मधे बसून रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. शेवटी माय आली ती डोक्यावर काड्यांनी विणलेलं डालगं घेऊन. आत तीन कोंबड्या. एक जुनी, ठिपक्याठिपक्यांची, तिला आम्ही कवडी म्हणायचो, आणि तिच्याच पोटच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. मायनं डालगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "गेल्याबरोबर याईले चुलीभोवती फिरव. अन् ध्यानात ठेव, आपल्या चुलीतली राख कोणाले देऊ नको. घरातली बरकत जाते." बस, एवढंच. पोरगी गाव सोडून चालली आणि ही राखेचं सांगत होती. तेव्हा मला रागच आला.

माझं सासर-माहेर एकाच गावात, अनसिंगच्या अलीकडे. माहेर सोडल्याचं दुःख मला लग्नात झालंच नव्हतं, ते सगळं साचून त्या गाडीत बाहेर आलं. यांना वाशीमला कापसाच्या जिनात काम लागलं होतं, सरकी वेगळी करायच्या रेच्यांना तेल घालायचं. शेत भावाभावांत वाटून उरलं ते एकट्याच्या पोटालाही पुरेना, तेव्हा जाणं भाग होतं. मला हे समजत नव्हतं असं नाही. पण समजणं वेगळं आणि पटणं वेगळं. वाटेतच मी भावासमोर यांना ठणकावून सांगितलं, "माह्या कोंबड्या तिथं रमल्या तं मी राहीन. नाई रमल्या तं भाऊ बाजाराले येईन तवा त्याच्याच गाडीत बसून त्याईले घेऊन माघारी येईन." हे फक्त "बरं" म्हणाले. तो "बरं" अजून माझ्या कानात आहे. एकटा राहिला असता हो तो माणूस त्या खोलीत, हातानं भाकरी थापून.

माझी लेक हे लिहून घेते आहे. ती शाळेत शिकलेली, मला म्हणते आई, नीट बोल. मी म्हटलं, मी बोलते तशी बोलते, नीट तू लिही.

जिनामागे खोल्यांची एक ओळ होती आणि सगळ्यांच्या मधे एक अंगण. अंगणात कडुनिंब. गावात आमचा दिवस कोंबड्यानं उघडायचा, इथे भोंग्यानं. हंगामात हवेत कापसाची लव उडत राहायची, ती भाकरीतही यायची आणि झोपेतही. बाया कामाच्या पाळीवर निघून जायच्या. बोलायला कोणी नाही. अंगण मात्र रिकामं नव्हतं. तिथे हुसेनबी खालाच्या कोंबड्यांचं राज्य होतं. हुसेनबी म्हणजे पिंजाऱ्याची विधवा, गाद्या पिंजून द्यायची, तोंडात कायम पान. तिचा एक लालभडक कोंबडा होता, त्याला ओळीतल्या सगळ्यांनी 'जमादार' नाव ठेवलेलं, कारण जिनाच्या फाटकावरचा जमादारही असाच छाती काढून चालायचा.

मी मायचं ऐकलं. चूल मांडली, पेटवली, तिन्ही कोंबड्या हातात घेऊन चुलीभोवती फिरवल्या आणि खुशाल अंगणात सोडल्या. आमच्या गावात नवी कोंबडी आणली की एवढंच करतात. चूल दाखवली की कोंबडी घर विसरत नाही. पण अंगणात पाय टेकतो न टेकतो तोच जमादार आणि त्याच्या बायका तुटून पडल्या. कवडी कशीबशी भिंतीवर चढली. एका तलंगेचा तुरा फाटून रक्त आलं, दुसरी माझ्या लुगड्यात घुसली. मी हातात फुंकणी घेऊन धावले आणि हुसेनबीच्या दारात जाऊन तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लेकीला लिहायला सांगत नाही.

ती बाई ऐकत राहिली. माझं बोलून संपलं तसं पान थुंकून आली, माझ्या हातातली तलंग काढून घेतली, हळदतेल लावलं, आणि मग माझ्यावर उखडली. म्हणाली, तू आपली चूल दाखवली तुझ्या कोंबड्यांना, ते ठीक. पण माझ्या कोंबड्यांना तुझी चूल कुठं माहीत आहे? त्यांच्या लेखी ह्या परक्या मुलखातल्या. गावात चूल एक, अंगण एक, म्हणून तिथे ते चालायचं. इथे अंगण एक आणि चुली कितीतरी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं माझ्या कोंबड्या हाती घेतल्या. डालगं उपडं घालून तिघींना त्याच्याखाली अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि भोवती ज्वारी टाकली. तिच्या कोंबड्या दाणे टिपत टिपत डालग्याच्या काठापर्यंत यायच्या. आतून बाहेरून सारख्याच चोची. पहिल्यांदा काड्यांमधून टोचाटोची झाली. पुढं पुढं नुसतं बघणं उरलं. हुसेनबी पिंजण बाजूला ठेवून उन्हात बसून हे बघायची, आणि तिच्याजवळ बसून मीही. तिची भांडी वेगळी, माझी वेगळी, सणवार वेगळे. पण कोंबड्यांवर बोलायला लागलो की दोघींचं एकच बोलणं. गावाहून आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या डालग्यापाशी.

मग एके सकाळी ती सहज म्हणाली, "पोरी, तुह्या चुलीतली राख दे घमेलंभर. माही बी घालतो. त्यात न्हाऊ दे सगळ्याईले." मला मायचं बोलणं आठवलं. मी डालग्यापाशी उगाच ज्वारी टाकत राहिले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. कारणही विचारलं नाही. घमेलं उपडं करून ठेवलं आणि कामाला लागली.

बाजाराचा दिवस जवळ आला. भाऊ येणार होता. डालगं उचलून पाहिलं तर जमादार अजून कवडीवर धावायचा. यांनी सकाळी जेवताना विचारलं, "भाऊले काय सांगशीन?" मी म्हटलं, बघते. ते उठून गेले, ताटात भाकर तशीच. मी चुलीपाशी बसून राहिले. मायचं बोलणं मोडावं तर बरकतीची भीती, आणि पाळावं तर हा माणूस उपाशी उठून गेलेला. मायनं सांगितलं होतं ते गावातल्या चुलीसाठी की ह्या चुलीसाठी, हे सांगायला माय तिथे नव्हती. माझं मलाच ठरवायचं होतं.

मी राख भरली. सुपातच भरली, घमेलं मागायलाही थांबले नाही. हुसेनबीनं मला येताना पाहिलं आणि उठून आपल्या चुलीची राख घेऊन आली. कडुनिंबाखाली कोंबड्यांनी उकरलेला खड्डा होता, त्यात दोघींनी ओतली आणि तिनं हातानं कालवली. मग तिनं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. तिनं स्वतःचा जमादार पकडला आणि डालग्याखाली कोंडला. माझ्या तिघींना मोकळं सोडलं. मी म्हटलं, खाला, हे उलटं झालं. ती म्हणाली, "घरच्याले जरा पाव्हणा होऊ दे. त्याले बी समजू दे, काड्यांच्या आतून अंगण कसं दिसते."

कवडी आधी राखेत उतरली. मग तलंगा. मग हुसेनबीच्या कोंबड्या, एकेक करून. पंख फुगवून, लोळून, सगळ्या एका रंगाच्या झाल्या. कोणती कोणाची ते मलाही ओळखू येईना. दिवेलागणीच्या आधी तिनं माझ्या तिघींना तिच्या खुराड्यात बसवलं. कडेला नाही, मधे. तिच्या दोन कोंबड्यांच्या मधे माझी एक, असं करत. जमादाराला सगळ्यात शेवटी आत सोडलं. तो राखाडी घोळक्याकडे पाहत राहिला, थोडा गुरगुरला आणि बसला. दुसऱ्या दिवशी चार-दोन चोची मारल्या त्यानं, पण त्या घरच्यांना मारतात तशा.

भाऊ आला तेव्हा सगळ्या एका जागी दाणे टिपत होत्या. त्यानं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "मी नाई येत." हे दारात उभे होते. एकदम आत वळले आणि उगाच पाणी प्यायले. भावाला मी सांगितलं, मायला सगळं सांग, राख दिली तेही सांग, लपवू नको. पुढच्या बाजाराला तो मायचा निरोप घेऊन आला. मायनं एवढंच विचारलं होतं, "देली तं देली. तिची घेतली का?" मी म्हटलं, घेतली.

अनसिंगकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच गाव सोडून ह्या खोल्यांत आलेल्या बायांनो, हे मी तुमच्यासाठी सांगते आहे. तुम्ही मला विचारता, एवढी वर्षं कशी राहिलीस तिथं. अशी राहिले. शहाणी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आपल्याच कोंबड्याला डालग्यात घालून दुसऱ्याच्या कोंबडीला अंगण देणारी बाई मी एकच पाहिली. ओळीत कोणी नवं बिऱ्हाड आलं की पहिली भाकर हुसेनबीच्या घरून जायची, आणि ती स्वतः दोन दिवस आपल्या ओट्यावर बसायची नाही, नव्या बाईला बसू द्यायची. हे शिकवलं तिला कोणी? मी विचारलं तर म्हणाली, कोंबड्या पाळ, समजते.

बाप गेला आणि माय गावात भावाकडे असूनही एकटी पडली. मी खूप आग्रह केला, ती येईना. म्हणायची, म्हातारी कोंबडी नव्या अंगणात नेऊ नये. शेवटी पाय थकले तेव्हा भाऊ तिला गाडीत घालून घेऊन आला. मी आणि हुसेनबी, दोघी अंगणात उभ्या. मायनं उतरल्यावर माझ्याकडे पाहिलं नाही, खोली कुठली ते विचारलं नाही. काठी टेकत कडुनिंबाखाली गेली, त्या खड्ड्यापाशी. खाली बसता येईना तशी हुसेनबीनं तिच्या दंडाला धरून तिला बसवलं. मायनं पदराची गाठ सोडली. गाठीत गावच्या चुलीची राख होती.