रऊफभाऊ आणि आपोआप उठणारे प्रोग्राम

संगणक सुरू होत असताना रऊफभाऊ कधी बसत नसत. हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहत आणि एखादा प्रोग्राम न बोलावता उघडला की विचारत, ‘‘तुले कोणी उठवलं बे?’’

धानोऱ्याच्या बस स्टँडसमोर त्यांचं ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान होतं. मी तिथं टायपिंग करत असे. जुन्या मशीनवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली टाकली होती. दिवसातून अनेकदा लाइट जाई. परत आली की ब्लूटूथ, अपडेट शोधणारा असे बिनकामाचे प्रोग्राम आपोआप सुरू होत आणि गावांहून आलेली माणसं ताटकळत. भाऊ एकेकाचं आपोआप उठणं बंद करत. काढून मात्र टाकत नसत. ‘‘झोपू दे. लागला तं हाक मारू.’’ मशीन आता झटकन सुरू होई. त्याचा अभिमान ते लपवत नसत.

एका सकाळी त्यांनी इंटरनेटवरून तारीख-वेळ जुळवणारा प्रोग्रामही झोपवला. घड्याळ तर भिंतीवर आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्याच दुपारी सुनंदा नावाची मुलगी वनरक्षक भरतीचा अर्ज भरायला आली. शेवटचा दिवस होता. अर्ज अर्ध्यावर असताना लाइट गेली. आल्यावर साइट उघडेना. मी इंटरनेटला दोष दिला.

‘‘भाऊ, माह्यं वय निघून जाते,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘पुढच्या साली मले नाई भरता येत.’’

भाऊंनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं मागची होती. मशीनमधलं घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलेला; लाइट गेली की तारीख मागे जायची. तिला पुढे आणणारा प्रोग्राम त्यांनीच बंद केला होता, आणि तारीख चुकीची असल्याने मशीनला साइट असुरक्षित वाटून ती उघडत नव्हती.

‘‘साइट बरोबर आहे, बेटा. चूक माही.’’

त्यांनी तो प्रोग्राम चालू केला. तारीख जुळली, साइट उघडली. मी टाइप करणार तेवढ्यात त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला.

‘‘हे आताचं झालं. लाइट पुन्हा गेली तं?’’

मशीनबरोबर तो स्वतःहून उठेल अशी सोय त्यांनी केली आणि सरळ वायर उपटली. सुनंदा उभीच राहिली. मशीन परत सुरू झाली; तारीख बरोबर होती.

‘‘आता भर,’’ म्हणून भाऊ चहा सांगायला गेले.

ते परतले तेव्हा सुनंदा पावती दुमडून पिशवीत ठेवत होती.

‘‘मधात लाइट गेली होती का?’’ त्यांनी विचारलं.

गेली होती.