उजव्या हाताचा ग्लोव्ह

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पेन धरला तो पगाराच्या सहीपुरता. मशीनवरचा टाका मात्र माझा सरळ येतो. त्या सरळ टाक्यानेच घोटाळा केला.

महाळुंग्यात आमच्या युनिटमध्ये वेल्डरचे चामड्याचे हातमोजे शिवतात. एका शनिवारी सुपरवायझर जाधव सरांनी माझ्यापुढे एक पसरट तपकिरी मोजा ठेवला.

"ताई, माझ्या भाच्याचा बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. बोटांची शिवण उसवलीय. उद्या सकाळी त्याची ट्रायल आहे. जमेल ना?"

"हो," मी म्हणाले. जोडीतला दुसरा कुठे आहे, एवढंही विचारायला लाजले.

भाचा म्हणजे ओंकार. कॉलेजात दोन खेळ खेळायचा. एकात, त्या अमेरिकन फुटबॉलात, तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे लांबट चेंडू फेकून आपल्या गड्यांना पुढे काढणारा. पण त्यात नोकरीची आशा नाही, म्हणून यंदा तो सोडून त्याने बेसबॉल धरला होता. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी आता विद्यापीठाच्या टीममध्ये निवड होण्यावर होती.

शिवण लगेच झाली. मग तळव्याकडे लक्ष गेलं. चामडं मऊ पडून खोलगट झालं होतं. वेल्डरचा मोजा असा झाला की आम्ही तो झिजला म्हणतो आणि आतून दुसरं चामडं लावतो. त्याला पॅच म्हणतात. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी जाड पॅच लावला. प्रेसखाली दाबून तळवा सपाट केला. वाटलं, सर खूश होतील.

रविवारी सर आणि वहिनी मला कौतुकाने चिंचवडला मैदानावर घेऊन गेले. ओंकारने तिथेच ग्लोव्ह घातला. पंजा मिटेना.

"काकू, मला वेल्डिंगला पाठवताय की काय?" तो हसला, पण चेहरा उतरला होता.

"दुसऱ्या कुणाचा घे की," सर म्हणाले.

"मामा, मी डावखुरा. फेकायचं डाव्याने, म्हणून माझा ग्लोव्ह उजव्या हातात जातो. इथं सगळ्यांचे डाव्या हाताचे आहेत."

पहिला चेंडू तळव्यावर आपटून बाहेर उडाला. दुसराही. तिसऱ्याला मी मान खाली घातली, नुसता फट्‌ असा आवाज ऐकला. तळव्यातला तो खळगा म्हणजे खराबी नव्हती. चेंडू झेलून झेलून ओंकारनेच तो पाडला होता, चेंडू बसायला.

निवड झाली नाही. निघताना ओंकार म्हणाला, "शिलाई एक नंबर होती, काकू." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पॅच काढला, पण चामडं पुन्हा तसं वळेना. नवीन ग्लोव्ह मीच भरून देणार म्हणाले. सर नको नको म्हणत होते. शेवटी त्यांनी मागवला आणि मी दर पगाराला थोडे थोडे देत गेले. ओंकार तोवर परत क्वार्टरबॅक खेळायला लागला. तिथे ग्लोव्हवाचून त्याचं अडत नाही.

आता काहीही दुरुस्तीला आलं की लाजत का होईना, मी म्हणते, "आधी घालून दाखवा."

परवाच्या पगाराला सरांच्या घरी शेवटचे पैसे दिले. ओंकार तिथेच नवीन ग्लोव्हमध्ये बुक्क्या मारत बसला होता.

"हा मऊ व्हायला वर्ष जाईल, काकू."

पैसे पूर्ण फिटले. ग्लोव्ह अजून कडकच आहे.