हरली नात, दोष मलिद्याला

मंडळी, आज दुपारी आमच्या रामला गावातल्या हॉलमध्ये माझ्या नातीची, लिओरची, बॉक्सिंगची फायनल होती. जिंकली असती तर देशाच्या टीममध्ये गेली असती.

मी शाळा फारशी बघितली नाही, पण डोळे शाबूत आहेत. शेवटच्या राउंडला समोरची पोरगी दोराला लटकली होती. तरी पंचांनी हात तिचाच वर केला.

आम्ही घरी आलो तर टेबलावर एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताचा, मलिदा तयार. गूळ-खोबऱ्याचे पोहे, वर खजूर. मीच नवस बोलले होते, आणि पोर जिंकणारच म्हणून सकाळीच करून ठेवला होता.

नणंद ताट बघून म्हणाली, "वहिनी, नवस काम झाल्यावर फेडतात. तुम्ही आधीच केलात, म्हणून हरली."

"मी पोहे भिजवले हे पंचांना फोन करून तू सांगितलंस का गं?"

सगळे हसले. लिओर नाही हसली. सुजलेल्या ओठांनी हिब्रूत म्हणाली, "आजी, यापुढे माझ्यासाठी काही मागू नकोस."

पंच आता टीव्हीसमोर पाय पसरून बसले असतील. त्यांना कोणी चकार शब्द बोललं नाही. तुमच्याकडेही बाहेर मार खाल्ला की घरातली म्हातारीच सापडते का?