खोकं नको असलेलं गिऱ्हाईक

मिरजगावच्या हायवेवर माझं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. आमचं शेतकरी गिऱ्हाईक खिशातून झिजलेलं ऑइल सील, म्हणजे इंजिनातलं तेल गळू न देणारी रबरी कडी, काढतं, नव्याशी जुळवतं, रबर दाबून बघतं आणि भावावरून डोकं खातं.

पांढऱ्या गाडीतून येणारा तो माणूस मात्र जुना नमुना कधीच आणायचा नाही. घासाघीसही करायचा नाही. नवी सीलं पिशवीत ओतायचा, कंपनीची खोकी माझ्याच काउंटरवर टाकायचा आणि रुमालाने एकेक बोट पुसत बसायचा. मला ती रिकामी खोकी खुपायची.

शेवटी विचारलंच, "एवढी सीलं कुठल्या ट्रॅक्टरला लावता?"

"ट्रॅक्टरला न्हाई शेठ, मिलिटरीच्या ट्रकला. तिकडं पार्टाचे भाव लई चढलेत."

"अहो, पण ही ट्रॅक्टरची आहेत!"

तो हसला. "मापाला बसत्यात की. मिलिटरीचं खोकं हाय माझ्याकडं, त्यात भरून देतो."

त्यानंतर मी त्याला माल दिला नाही. दुसऱ्या कुणीतरी दिलाच असणार.

आता नगरकडून लष्करी ट्रकांचा ताफा आला की शेजारचे दुकानदार उभे राहून सलाम ठोकतात. मी ताफा जाऊ देतो आणि रस्त्यावर तेलाचे थेंब पडलेत का, ते बघतो.