दातांत धरलेला समुद्र

चाचेकाकाला स्वस्थ बसलेलं मी कधी बघितलं नाही. वॉटफर्डच्या मंडळाच्या हॉलमध्ये आरती चालू असली तरी ह्याची बोटं खुर्चीच्या कडेवर मागंपुढं. "हात जोड की मेल्या," म्हटलं की म्हणायचा, "बापू, हात थांबला की माणसाचा पुठ्ठा होतो."

तरुणपणी तो इथं इंग्लंडमधल्याच एका स्टुडिओत होता. टीव्हीवर पोरांसाठी समुद्री चाच्यांची गमतीची मालिका लागायची, तिथं. चाचे, जहाज, समुद्र, सगळं पुठ्ठ्याचं. मागून पट्टी ओढली की डोळे फिरायचे, तोंड उघडायचं. एक पट्टी चुकली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ती सवय अंगात मुरलेली. गोष्ट सांगताना कुणी खोकललं तरी हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्याची मुलगी म्हणायची, "बाबांची एकही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही."

मागच्या वर्षी लकव्यानं त्याचा डावा हात गेला. मुलगी त्याला बेसिंगस्टोकला नेणार होती. जायच्या आधी गणपतीत मुलांना एकदा जहाज चालवून दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. मला म्हणाला, "माझा डावा हात हो. नुसता समुद्र ओढ."

मी चौथी शिकलेला. पण तीस वर्षं हॉस्पिटलची लाँड्री सांभाळली, कुणाचं ऐकून घेतलं नाही. खेळ सुरू झाला, लाट जरा अडकली, तर हा भर हॉलमध्ये म्हणतो, "शिकला नाहीस ते दिसतं." मी पट्टी टेबलावर टाकली आणि कार पार्कमध्ये जाऊन उभा राहिलो.

तिथं पाय ठरेनात. आतून पोरांचं हसू ऐकू येईना. परत गेलो. हा टेबलामागं ओणवा, उजव्या हातात कप्तान, समुद्राची पट्टी दातांत. मान मागंपुढं करून लाटा हलवतोय, घाम गळतोय. पण तोंडात पट्टी, म्हणून कप्तान मुका. एका मुलीनं आईला मोडक्या मराठीत विचारलं, "कॅप्टन का बोलत नाही? त्याचा बॅटरी गेला?"

पट्टीला हात लावायचा नाही हे माझं ठरलेलं. मी नुसता शेजारी वाकलो आणि आवाज काढला, "बॅटरी कसली, पोरी? सकाळपासून कुणी चहा विचारला नाही, म्हणून रुसलोय."

हॉल हसला. ह्यानं मान जोरात हलवली, समुद्र खवळला. मग तो हलवत गेला, मी बोलत गेलो, सुचेल ते.

पडदा पडल्यावर पट्टी काढून म्हणाला, "कप्तान असा गावठी बोलत नाही."

"आज बोलला."

दुसऱ्या दिवशी बेसिंगस्टोकला निघताना मुलीच्या गाडीत बसल्यावर त्यानं काच खाली केली. "बापू, आवाज बरा होता तुझा."

खेळ टाकून गेलो ते चुकलं, एवढं म्हणायचं होतं मला. तोंडातून नुसतं "हं" आलं.

तीन महिन्यांनी तो तिथंच वारला. बेसिंगस्टोक काही लांब नाही, ट्रेननं दोन तास. तो बोलवील म्हणून मी थांबून राहिलो.