हॉटेल तेच ना?

"शेठ, हॉटेल तेच ना?"

ओसाकाची टूर ठरली की त्यांचा पहिला प्रश्न हा. जुरोंग ईस्टच्या माझ्या ऑफिसात, उभ्याउभ्या, मिटलेली पिवळी छत्री हातात. तेच आहे म्हटलं की मान हलवून निघून जायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

इथल्या, सिंगापूरच्या मराठी मंडळींना मी जपान दाखवतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या उसन्या टेबलावर धंदा सुरू केला. एक डॉलर सुटत असेल तर तो मी सोडत नाही. छत्रीवाले ते माझे टूर लीडर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे.

संध्याकाळची फेरी त्यांनीच न्यायची. हॉटेलातून कालव्याकाठी, पुलावरून रोषणाईच्या गल्लीत. "खाली काय बघता? वर बघा, वर!" की तीस माना वर. दुकानांवर लुकलुकणारे अजस्र मासे, खेकडे. ते छत्री टेकत पुढे.

"काका, पाऊस कुठाय?" कुणीतरी चिडवायचंच.

"या गावाचा भरवसा नाही, वहिनी."

तुम्ही असतात तर तुम्हीही वरच बघत राहिला असतात.

मग कालव्याच्या पलीकडे मला स्वस्त हॉटेल मिळालं. दोन दिवस फोनवर घासाघीस करून मिळवलेलं.

"शेठ, जुनंच राहू द्या."

"का? तिथे काय पुरून ठेवलंय?"

"सवय आहे."

"तुमच्या सवयीचे पैसे मी भरू?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

ते छत्रीकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले.

त्या टूरला विमान उशिरा उतरलं. हॉटेलवर पोहोचेपर्यंत उजेड गेला होता. फेरीला निघाले आणि कालव्याच्या पायऱ्यांवरून कोसळले. लोक वर बघत होते. डोक्याला मार लागला होता. तिसऱ्या दिवशी तिथल्याच हॉस्पिटलात वारले.

सेम्बावांगच्या फ्लॅटवर त्यांच्या मुलीने एक छोटी वही माझ्यापुढे ठेवली. "अंकल, बाबांना अंधारात दिसायचं नाही. तीन वर्षं झाली. तुम्हाला कळलंच नाही?"

वहीत पावलं मोजून लिहिलेली. जुन्या हॉटेलच्या दारापासून सिग्नल चौसष्ट. सिग्नलपासून पूल एकशे बारा. पुलाला पायऱ्या नऊ.

माझा राग अजून गेलेला नाही. तीन वर्षं माझी माणसं त्यांनी अशी नेली. मला एका शब्दाने सांगायला नको होतं?

सांगितलं असतं तर मी त्यांना त्याच दिवशी काढलं असतं. हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या पानावर नव्या हॉटेलचं नाव आहे. त्याखाली 'दारापासून कालवा', आणि पुढची जागा कोरी.