राजनंदिनीचा पाय

"ताई, भैरवनाथ बोलतोय. माझ्या पोरीचा पाय कापायचा हाय का?"

अश्विनी भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं धरलेला फोन कानावरून निसटता निसटता राहिला. भैरवनाथ आमच्या गावचाच, कालव्यापलीकडच्या धनगर वस्तीवरचा. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला. त्याची दीड वर्षाची पोर राजनंदिनी, बायको निर्मला आणि आई बाळाबाई वस्तीवरच होत्या.

"कोण म्हणालं असं?"

"गावाच्या ग्रुपवर आलंय. फोटो हाय. घरी फोन लागंना झालाय. तुमी टोचलं ना तिला?"

अश्विनी आमच्या गावची आशा सेविका. लस सिस्टर टोचते. अश्विनीचं काम आयांना बोलावून आणायचं, यादी ठेवायची आणि रडणाऱ्या पोराचे पाय धरायचे. पण नऊ वर्षांत गावाच्या लेखी लस म्हणजे अश्विनी, हे पक्कं झालेलं. "मी जाऊन बघते आणि तुमाला फोन करते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि नवऱ्याकडं वळली.

अमृत ओट्यावर बसून मोबाईलच बघत होता. ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच. दोनशे चाळीस माणसं, सगळे बाप्ये. एरवी त्यावर नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, लाईटचं वेळापत्रक आणि बिबट्या कुणाच्या उसात दिसला, एवढंच येतं.

"तुमी बघितलं व्हतं?"

"तासाभरापूर्वी." अमृतनं मान वर केली नाही. "तुला कसं सांगावं कळंना."

तिनं फोन ओढून घेतला. अमृतचा चुलतभाऊ चांगदेव यानं टाकलं होतं: 'आपल्या गावात लसीमुळे चिमुरडीचा पाय निकामी. आशा गप्प का?' सोबत पायाला बँडेज गुंडाळलेल्या एका पोरीचा फोटो. खाली शंभरावर मेसेज. कुणी म्हणत होतं, लस घेतली आणि आमचा चुलता गेला. पुण्यात कंपनीत असलेला एकजण लिहीत होता, लस शंभर टक्के सुरक्षित असते, कुणाला काही झालेलं नाही, अडाण्यांच्या नादी लागू नका. त्यावर दुसरा, मग तुझ्या पोराला चार टोच. इतक्या मेसेजात पोरीला जाऊन बघून आलो, असं कुणाचंच नव्हतं.

"ही राजनंदिनी न्हाईच. कुठल्या तरी दवाखान्यातला फोटो हाय. काढा ह्ये."

"भावकीतला माणूस हाय, अश्विनी. काढलं तर म्हणतील, बायकोला वाचवतोय."

ती तशीच निघाली. कालव्याच्या कडेनं चालताना तिला एकच गोष्ट खात होती. लस देऊन आठ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी ती वस्तीवर जाऊन आली, पोरीला थोडा ताप होता, सिरप दिलं. त्यानंतर घरोघरचा सर्व्हे लागला आणि तिकडं फिरकणं झालं नाही. फोटो खोटा होता. पण आत काय असेल, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बाळाबाई दारात काठी आडवी धरून उभी होती.

"आता आलीस व्हय? चार दिस पोर तळमळतीय."

"आजी, मला बघू द्या."

"तुमी बघायचं आन् न्हाई म्हणायचं. मगाधरनं पोरं येऊन सांगत्यात, मोबाईलवर तुमची लोकं म्हणत्यात कायबी झालं न्हाई."

आतून निर्मला पोरीला घेऊन आली. मांडीवर लिंबाएवढी गाठ, लालबुंद, वर हळदीचा लेप. अश्विनीनं नुसता हात जवळ नेला तरी पोर किंचाळली. पाय खाली टेकवेना.

तेवढ्यात तालुक्याच्या आरोग्य खात्यातल्या वरच्या मॅडमचा फोन आला. "ग्रुपवर तुम्ही काही बोलायचं नाही. कुणी विचारलं तर लसीमुळे काही झालेलं नाही, एवढंच सांगा."

"मॅडम, मी पोरीजवळच हाय," अश्विनी म्हणाली आणि फोन बंद केला. बाळाबाई तिच्या तोंडाकडं बघत होती.

"आजी, ह्ये सुईच्या जागीच झालंय. मी न्हाई म्हणणार न्हाई. आठ दिवसात मी परत यायला पायजे व्हतं, आले न्हाई, ती माझी चूक. पण आत पू झालाय. आज काढला न्हाई तर आणखी पसरंल."

बाळाबाईनं काठी भिंतीला टेकवली. "पोर माझ्या मांडीवर बसंल," म्हणाली.

अश्विनीनं फोन केला, तसा अमृत पिकअप घेऊन आला. टोमॅटोची कॅरेटं त्यानं बांधावरच उतरवली होती. गाडी चौकात आली तर पाराशी सात-आठजण उभे, पुढं चांगदेव, हातात मोबाईल उभा धरून शूटिंग करत. दोघं रस्त्यात आले. अमृतला ब्रेक लावावा लागला.

"कुठं नेताय पोरीला? पंचनामा झाल्याबिगर न्यायचं न्हाई!"

अमृत खाली उतरायला लागला, तशी तिनं त्याची बाही धरली. मारामारी झाली असती तर पोर तिथंच राहिली असती. पण बाळाबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"चांगदेवा, माझं घर तुझ्या मळ्याला लागून. बघाया आलास का एकदा? आता फोटू काढतूस! व्हय बाजूला."

चांगदेव बाजूला झाला नाही, पण रस्त्यातले दोघं झाले. अमृतनं गाडी काढली.

नारायणगावला डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि लगेच चीर दिली. अश्विनीनं पाय धरले. पू निघाला, पोर रडून रडून झोपली. "सुईच्या जागेत जंतू गेले. क्वचित होतं असं," डॉक्टर म्हणाले. "पायाला काही नाही. चार दिवसांत पळेल."

तिनं आधी भैरवनाथला फोन लावला, झोपलेली पोर व्हिडिओवर दाखवली. "पाय दावा," तो म्हणाला. मागं मेंढरं ओरडत होती. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं अमृतचा मोबाईल मागितला.

"मॅडमनी नको सांगितलंय ना?" अमृत म्हणाला.

"व्हय. द्या."

आवाज रेकॉर्ड करून तिनं टाकलं, ते मी ग्रुपवर ऐकलंय. "मी अश्विनी. राजनंदिनीच्या मांडीला लस दिली तिथं गळू झालं व्हतं. आज पू काढला. पाय शाबूत हाय. टाकलेला फोटो तिचा न्हाई. मी येळेवर बघाया गेले न्हाई, ती माझी चूक. माझी दोन्ही पोरं ह्याच लशी घेऊन वाढल्यात. कुणाच्या पोराला कायबी वाटलं तर ग्रुपवर टाकायच्या आधी मला हाक मारा, मी येते."

दोन्हीकडून भडका उडाला. चांगदेवची माणसं म्हणाली, बघा, कबूल केलं! पुण्याचा तो लिहितो, असं बोलून तुम्ही लसीकरणाचं नुकसान करताय. मॅडमनी तालुक्याला बोलावून लेखी खुलासा घेतला. अमृतनं ग्रुपवरून तो फोटो काढून टाकला, चांगदेव ग्रुप सोडून गेला आणि स्वतःचा वेगळा ग्रुप काढून बसला. भावकीतल्या हळदीला अमृत-अश्विनीला बोलावणं आलं नाही. राजनंदिनी पाचव्या दिवशी कोंबडीमागं पळाली.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत लसीकरण होतं. एकोणीस पोरं यायला हवी होती. अकरा वाजेपर्यंत तीन आली. अश्विनी दारात उभी राहून रस्ता बघत होती, सिस्टर घड्याळ. दुपारपर्यंत कशीबशी अकरा झाली. आलेल्या प्रत्येकीनं आधी विचारलं, "गाठ आली तर?" अश्विनीनं प्रत्येकीला सांगितलं, काय बघायचं, कधी बोलवायचं. तिसऱ्या दिवशी ती अकराही घरं फिरून आली.

आठ राहिली. त्यात चांगदेवचा नातू. त्या घरी ती दोनदा गेली, दोन्ही वेळा फाटकातूनच परत आली. तिसऱ्या वेळी सून गोठ्यामागून आली, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "मामंजी बुधवारी ओतूरच्या बाजाराला जात्यात. तवा येता का?"